पाय कशासाठी हवा

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत नवा माणूस रुजू झाला की पहिल्याच दिवशी त्याला दोन गोष्टी सांगत. एक, प्लास्टरचे हात नळाखाली धुवायचे नाहीत, बादलीत धुवायचे, नाहीतर मोरी तुंबते. दुसरी, बाईंना "त्यात काय विचारायचंय?" असं कधीही म्हणायचं नाही.

बाई म्हणजे मापं घेणाऱ्या आणि पाय बसवून देणाऱ्या बाई. अंगाने काटक, हात कोपरापर्यंत पांढरे, चष्म्याच्या काड्यांवर वाळलेल्या प्लास्टरचे ठिपके. कॉलेजात त्यांनी तत्त्वज्ञान घेतलं होतं, आणि तेही नाइलाजाने नव्हे, हौसेने. लोकांना हेच जास्त खटकायचं. वडील रंगारी. शिडीवर चढून दुसऱ्यांच्या भिंती रंगवण्यात जन्म गेला. ते ज्याला-त्याला सांगत, "पोरगी एवढी शिकली, आणि शेवटी तिला कळलं काय, तर माणसाला काही कळत नाही. हे मी तिला घरीच सांगितलं असतं." ऐकणारे हसत, तेही हसत. पण निकालाच्या दिवशी धुतलेला सदरा घालून कॉलेजच्या फाटकापाशी सगळ्यांच्या आधी तेच येऊन उभे राहिले होते.

पुढे काय करायचं, हा प्रश्न मात्र तत्त्वज्ञानाला सुटण्यासारखा नव्हता. तो विषय शिकवायच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या बोटांत आधीच दुसऱ्यांच्या अंगठ्या. तेव्हा बाई कार्यशाळेच्या दाराशी नोंदणीच्या टेबलावर बसल्या. येणाऱ्याचं नाव लिहायचं, बाकावर बसवायचं, आत सोडायचं. डोकं लागू नये असं काम, पण डोकं घरी ठेवून येता येत नाही ना.

तिथला जुना मिस्त्री पाय बसवून झाला की विचारायचा, "काय, दुखतं का?" माणसं घाईघाईने म्हणत, "नाही, नाही, छान आहे." आणि पंधरवड्याने तीच माणसं कातडीला जखमा घेऊन परत येत. बाईंनी हे काही महिने पाहिलं आणि एके दिवशी टेबलावरूनच बोलल्या.

"मिस्त्री, तुम्ही विचारता असं की माणसाला 'नाही'च म्हणावं लागतं. 'कुठे दुखतं' असं विचारा."

"तुमच्या कॉलेजात पाय शिकवत होते का हो?"

"पाय नाही. विचारायला शिकवत होते."

मिस्त्रीने नाक मुरडलं. पण माणूस सरळ होता, त्याने समोरच्यालाच विचारून पाहिलं. तो बिचारा गोंधळला, थांबला, खाली वाकला आणि नडगीच्या टोकावर बोट ठेवून म्हणाला, "इथे." मिस्त्री बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिला. पुढच्या महिन्यात त्याने बाईंच्या हातातलं पेन काढून तिथे साचे घासायची खरवडणी दिली.

काम त्यांना मानवलं. पायाच्या उरलेल्या भागावर ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या, वाळल्यावर ते कवच अलगद काढायचं आणि त्यात प्लास्टर ओतायचं, की आतून त्या पायाची हुबेहूब प्रत निघते. पण हुबेहूब प्रतीवर बनवलेली, पाय ज्यात बसतो ती वाटी कोणालाही घालता येत नाही. जिथलं मांस वजन पेलतं तिथे साचा खरवडायचा, जिथे हाड कातडीखालीच आहे तिथे भर घालायची. हुबेहूब ते बरोबर असतंच असं नाही, हे बाईंना कॉलेजात कोणी इतकं चोख सांगितलं नव्हतं.

एकदा चहाच्या वेळी मिस्त्रीने सरळच विचारलं, "बाई, तुमचं ते तत्त्वज्ञान म्हणजे असतं तरी काय? लांबण लावू नका. कप संपेपर्यंत सांगा."

"नवा पाय बसवताना तुम्ही घोट्याचे स्क्रू सैल का ठेवता?"

"माणूस चालल्याशिवाय कोन कळतो का?"

"तेच. आपण ज्या समजुतींवर उभे असतो त्या अधूनमधून सैल करायच्या, दोन पावलं चालून बघायचं, आणि मग परत आवळायच्या."

मिस्त्रीने कप खाली ठेवला. "आणि कोणी नुसतेच सैल करत सुटला तर?"

"तर तोंडावर आपटतो. असे कॉलेजात पुष्कळ पाहिले."

लग्नाच्या वेळीही त्यांनी हेच केलं. मुलाला विचारलं, "मी प्रश्न विचारून डोकं खाते. चालेल?" तो म्हणाला, "मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं." संसार सुखाचा झाला.

बाईंची स्वतःची अशी एक रीत होती. माप घ्यायला बसलं की फीत उलगडण्याआधी त्या विचारत, "पाय कशासाठी हवा?" लोक चिडत. म्हणत, "चालायला! आणखी कशाला?" बाई फीत हातात धरून गप्प बसत. मग हळूहळू खरं बाहेर येई. कोणाला मुलाच्या घरचा जिना चढायचा असे. कोणाला फोटोत विजारीचे दोन्ही पाय भरलेले दिसायला हवे असत, बास. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले होते, "बायको गेली. तिला पुरलंय तिथे मातीवर बसून भेटायचं असतं. बसता यायला हवं आणि नंतर उठताही." प्रत्येकाचा पाय वेगळा निघे. कार्यशाळेचे साहेब कुरकुरत, की बाईंचं एक माप होतं तेवढ्यात बाकीच्यांची तीन होतात. बाई म्हणत, "आणि बाकीच्यांची तीन दुरुस्तीला येतात." साहेब काढता पाय घेत.

असं सगळं बरं चाललेलं असताना बाईंचा धाकटा भाऊ परांचीवरून पडला.

त्याने वडिलांचा धंदा उचलला होता, आणि वडिलांच्याही वर गेला होता. गिरण्यांच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, जिथे चढायला दुसरे का-कू करत तिथे हा. मुकादम त्याला 'माकड' म्हणायचा आणि त्यात कौतुकच असायचं. फळी घसरली, खाली लोखंड होतं, पाय चिरडला, मग सडायला लागला, आणि शेवटी डॉक्टरांनी गुडघ्याखाली कापला. जीव वाचला म्हणून सगळ्यांनी हात जोडले. जखम भरून आल्यावर बाई म्हणाल्या, "याचा पाय मीच करणार."

आणि त्यांनी तो जीव ओतून केला. मिस्त्री तोवर म्हातारा झालेला, पण त्यानेही वाटीच्या आतून बोट फिरवून मान हलवली. भावाची चाल बाईंना विचारायची गरज नव्हती. वडिलांच्या मागे रंगाची बादली घेऊन धावणारा तो पोरगा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. माप घेताना भाऊ एक शब्द बोलला नाही, सगळं बाईच बोलल्या. वाटी इतकी बेतशीर बसली, की खरंच कुठे दुखेना.

पण तो चालेना. चालायच्या सरावाच्या दोन कठड्यांच्या मधोमध उभा राही, दोन-चार पावलं टाकी, कपाळावर घाम येई आणि खुर्ची मागून घेई. घरी गेल्यावर पाय दाराआड उभा. दिवस दिवस खिडकीशी बसून राहायचा, कापलेला पाय दुमडून. आणि इथेच खरी धास्ती होती. नुसतं बसून राहिलं की गुडघा आखडतो. एकदा तो वाकड्यातच धरला, की मग कितीही चांगला पाय करा, घालता येत नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, या हंगामात चालला तर चालला.

भावजय कार्यशाळेत आली ती दारातूनच बोलत. "वन्सं, जगाला चालवता आणि घरचा माणूस बसून आहे. मुकादमाने जागा राखून ठेवलीय. म्हणतो, माकड पुन्हा झाडावर चढलं की पहिला कळस रंगवायला त्यालाच. किती दिवस राखील? काय ते औषध द्या, रागवा, दोन मुस्कटात द्या, पण उठवा."

बाई संध्याकाळी भावाकडे गेल्या आणि त्यांनी ते केलं जे त्या इतरांना कधी करू देत नसत. त्याला उपदेश केला. माणूस म्हणजे काही त्याचा पाय नव्हे. जे घडलं ते आपल्या हाती नव्हतं, पण त्याकडे कसं बघायचं ते आपल्या हाती आहे. दुःख अंगाला चिकटतं ते आपण धरून ठेवतो म्हणून. चांगली वाक्यं होती. खोटी तर मुळीच नव्हती.

भावाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "झालं, ताई?"

"का रे?"

"नाही, बरी आहेत. इस्त्रीची आहेत. तू ही माझ्यासाठी आणलीस की तुझ्याकडे पडून होती?"

बाई उठल्या. रस्त्याने येताना त्यांना राग येत होता, आणि तो भावाचा नव्हता, हे कळण्याइतक्या त्या शिकलेल्या होत्या. वर्षानुवर्षं त्यांनी ठामपणे मानलं होतं, की आपण जे शिकलो ते शोभेचं नाही, उपयोगाचं आहे. आणि घोडं घरातच अडलं तर हाती आलं काय? चार सुविचार. कॅलेंडरच्या पानांखाली छापतात तसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोर एक बाई बसली होती. इस्त्रीचं दुकान चालवणारी, मधुमेहाने पाऊल गेलेली. बाईंनी फीत घेतली आणि सवयीने विचारलं, "पाय कशासाठी हवा?"

"मला चालायचं नाहीये," ती बाई म्हणाली. "चालायला पोरं आहेत. मला टेबलापाशी उभं राहायचंय. दिवसभर."

फीत बाईंच्या हातातच राहिली. इस्त्रीवालीने विचारलं, "चुकलं का काही माझं?"

"तुझं नाही," बाई म्हणाल्या. "माझं. भावाला मी हे विचारलंच नाही."

दुपारी त्या पिशवीत हत्यारं टाकून भावाकडे पोचल्या. भावजय आत भांडी घासत होती. भाऊ खिडकीशी होता. बाई त्याच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसल्या, माप घ्यायला बसत तशाच.

"पाय कशासाठी हवा तुला?"

"मला कुठे हवाय? तुम्हाला सगळ्यांना हवाय."

बाई बोलल्या नाहीत. भावाला ही त्यांची गप्प बसण्याची तऱ्हा लहानपणापासून माहीत होती. तो म्हणाला, "उगाच माझ्यावर ते करू नकोस." आत भांड्यांचा आवाज चालू होता.

"हवाय," तो शेवटी म्हणाला. "मला काय बसून राहायची हौस आहे? पण पाय लावला की शिडी येते."

"म्हणजे पडलास त्याची भीती बसली."

"बघ, झालं तुझं ठरवून." तो चिडला. "पडलो म्हणून घाबरलो नाही. मी आधीपासूनच घाबरायचो. पहिल्या दिवसापासून. बाबा खालून शिडी धरून ओरडायचे, शाब्बास, शाब्बास! आणि मला वर काही दिसत नसायचं. ब्रशची दांडी दातांत धरायचो, ती चावून चावून बारीक व्हायची. लोक म्हणत, बघा कसा दातांत ब्रश धरून मजेत चढतो. त्या दिवशी फळी घसरली तेव्हा वरच्या माणसाने मला हात दिला होता, ताई. अगदी इथे होता हात. धरायला खांब सोडायला हवा होता. मला खांब सोडवला नाही. तसाच धरून बसलो आणि खांबासकट खाली आलो."

भांड्यांचा आवाज केव्हा थांबला ते दोघांनाही कळलं नाही. भावजय दारात उभी होती, हात साबणाचे.

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत," ती नवऱ्याला म्हणाली.

"काय सांगायचं? घर त्यावर चालत होतं."

ती वळली ती बाईंकडे. "झालं समाधान, वन्सं? कालपर्यंत निदान आशा होती, की आज ना उद्या उठतील आणि कामावर जातील. तीही घालवलीत. तुम्ही प्रश्न विचारून मोकळ्या. उद्या तुम्ही तुमच्या प्लास्टरमध्ये, आणि इथे चूल मी पेटवायची. काय कामाचं हो तुमचं ते शिक्षण?"

याला उत्तर द्यावं असं बाईंना फार वाटलं. एरवी त्या कोणाचं एक अक्षर उधार ठेवत नसत. पण भावजय खोटं काही बोलत नव्हती. प्रश्न विचारणाऱ्याला प्रश्न विचारून घरी जाता येतं. ज्याला विचारला त्याला त्याच्यासकट राहावं लागतं.

"पोट नाही भरत त्याने," बाई म्हणाल्या. "एवढंच होतं, की ज्या कामाने भरत होतं त्याची किंमत काय पडत होती ते कळतं. कळून पुढे काय करायचं, ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही."

'माहीत नाही' हे भावजयीने नणंदेच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती हात पदराला पुसून दाराच्या चौकटीला टेकली.

"तो पाय," भाऊ म्हणाला, "तो दुखत नाही. पण घातला की कोणी मागून ढकलतंय असं वाटतं. उभं राहिलं तरी ढकलतंच. आधी वाटलं, मनाचे खेळ आहेत."

बाईंनी दाराआडचा पाय आणून मांडीवर घेतला आणि घोट्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. मनाचे खेळ कसले! शिडीच्या पायरीवर चवडा नीट टेकावा म्हणून त्यांनीच तो घोटा पुढे झुकवून बसवला होता. सपाट जमिनीवर असा घोटा गुडघ्याला पुढे रेटतो. हे त्यांना शिकाऊ असल्यापासून ठाऊक होतं. पण माणूस शिडीवरचाच आहे याबद्दल त्यांच्या मनात इतकी खात्री होती, की जमीन त्यांच्या लक्षातच आली नाही. इतकी माणसं त्यांनी विचारून विचारून उभी केली, आणि ज्याला जन्मापासून ओळखतो असं वाटत होतं त्याच्याच बाबतीत विचारायचं राहिलं. ओळखतो म्हणूनच राहिलं.

"मी शिडीसाठी केला होता हा," त्या म्हणाल्या. "तुला न विचारता. जमिनीसाठी करून देते. पण नीट ऐक, मग तो शिडीला चालणार नाही. उद्या मन फिरलं, कोणी भरीला घातलं, तरी याने चढायचं नाही. तेव्हा मी सांगते म्हणून नको. विचार करून सांग."

भावाने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती.

"तू काय म्हणतेस?" त्याने विचारलं.

"मी काय म्हणायचं?" ती म्हणाली. आणि मग, तशीच बाहेर बघत, "टाकीचं काम होतं तेव्हा तुम्ही झोपेत गादी धरून ठेवायचा. दोन्ही मुठींनी. मला वाटायचं, दमलेत." तिने डोळे कोरडेच ठेवले. "सैल करा तो स्क्रू, वन्सं. मी धरते यांना."

भावजयीने त्याला काखेत हात घालून उभं केलं, बाई खाली बसून घोटा फिरवू लागल्या. "पुढे का मागे?" "मागे." "आता?" "अजून थोडा. नाही, फार झालं. हां." कोण शिकलेलं आणि कोण नाही, याला तिथे काही अर्थ नव्हता. घोटा कुठे थांबवायचा ते फक्त त्यालाच कळत होतं, आणि तो पहिल्यांदाच ते सांगत होता. गुडघा मात्र थोडा आखडलेलाच निघाला. बाईंनी तसं तोंडावर सांगितलं. पूर्ण सरळ होईल की नाही याची हमी नाही, आणि रोज ताणताना रडू येईल. "येऊ दे," तो म्हणाला.

रडू आलं. रोज आलं. भावजय पाय धरून ताणायची आणि बाईंशी कामापुरतं बोलायची. तिने कपडे शिवायला घेतले, घरात मशीनचा खडखडाट सुरू झाला. मुलं चिडचिडी झाली. मुकादमाचा निरोप दोनदा आला, दोन्ही वेळा भाऊ म्हणाला, "त्यांना सांगा, मी येऊन भेटतो." बाईंना वाटे, निरोपानेच कळवून टाकावं, त्याला कशाला एवढ्या लांब! पण हे त्या मनातच ठेवायला शिकत होत्या.

गुडघा पुरता सरळ झाला नाही. एका बाजूला झुकत, हातात काठी घेऊन, पण तो चालू लागला. ज्या सकाळी तो मुकादमाकडे निघाला त्या सकाळी बाई योगायोगाने तिथेच होत्या, शिवणाच्या मशीनचा पट्टा घट्ट करून देत होत्या. त्याने धुतलेला सदरा घातला. बाईंनी विचारलं, "येऊ का सोबत?" तो म्हणाला, "नको. 'नाही' म्हणायला माणसं कशाला लागतात?" भावजय म्हणाली, "मी येते. मुकादमाची बायको भेटेल, शिवणाचं विचारायचंय." ती चपला घालून त्याच्या मागे निघाली.

बाई खिडकीशी गेल्या. गल्ली सपाट नव्हती, मध्येच फरश्या उखडलेल्या होत्या. एका जागी तो अडखळला. भावजयीचा हात पुढे झाला. तो वळून काहीतरी बोलला, तिने हात मागे घेतला आणि एक पाऊल मागे राहिली. मग त्यानेच थांबून, काठी दुसऱ्या हातात घेऊन, तिच्या खांद्यावर हात ठेवला. दोघं कोपऱ्यावरून वळली.

मुकादमाकडून तो काय ऐकून येईल, पुढे काय करील, पोरांच्या शाळेचं कसं व्हायचं, यातलं एकही बाईंना माहीत नव्हतं, आणि वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात ते नव्हतं. त्या परत मशीनपाशी येऊन बसल्या. पट्टा अजून सैलच होता.